नव्वद नावं आणि दीडशे मीटर वाट: मुलुंडच्या डोंगरावरच्या एका श्रमदानाची तयारी

मुंबईत श्रमदानाला माणसं मिळत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा व्हॉट्सअॅपवर पोस्टर टाकून बघावं. आमच्या ट्रेकिंग ग्रुपने गेल्या हिवाळ्यात टाकलं होतं. पायवाट दुरुस्ती, रविवार सकाळ, मुलुंड, नाश्ता मिळेल, बास एवढंच, आणि दोन दिवसांत फॉर्मवर नव्वदच्या वर नावं. ग्रुपवर नुसता जल्लोष. तेव्हा आमच्याकडे हत्यारं पंचवीससुद्धा नव्हती आणि काम काय करायचं हे नीट माहीत असलेली माणसं होती चार. त्यामुळे हे लिहितोय ते श्रमदान कसं झालं यावर कमी आणि त्याच्या आधीच्या चार महिन्यांत काय काय ठरवावं लागलं यावर जास्त आहे, कारण माझ्या मते रविवारी सकाळी साडेसातला जे काही व्हायचं असतं ते तोपर्यंत होऊन गेलेलं असतं.

वाट कुठली

संजय गांधी नॅशनल पार्क म्हटलं की लोकांना बोरिवली स्टेशन, कान्हेरी आणि सफारीची बस आठवते, पण तेच जंगल पूर्वेला मुलुंड-भांडुपच्या पार डोक्यावर येऊन थांबतं. शंभर चौरस किलोमीटरच्या आसपासचं ते सगळं जंगल, त्याच्या पोटात आणि कडेला पाडे, आणि पाड्यांवरून खाली शहरात उतरणाऱ्या जुन्या वाटा. आमची वाट त्यातलीच एक. सकाळी पाड्यावरच्या बायका टोपल्या घेऊन स्टेशनकडे भाजी विकायला याच वाटेने उतरतात, पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कंटोळी जे काय मिळेल ते. वनरक्षक गस्तीला याच वाटेने चढतात. आणि रविवारी परवानगी काढून आमच्यासारखे ग्रुप. वाटेचं नाव आणि नेमकी जागा मुद्दामच देत नाहीये, आधीच तिथे विनापरवाना जाणारे कमी नाहीत.

खराब पट्टा साधारण दीडशे मीटरचा. वाट डोंगराच्या उतारावरून सरळ खाली येते, वळण नाही काही नाही. वर मुरूम, खाली काळा पाषाण. वर्षानुवर्षं पाणी त्याच वाटेने उतरून मधोमध गुडघाभर खोल घळ पडलेली, घळीत सुटे दगड, म्हणून लोक घळीच्या कडेने चालायला लागले, मग ती कड ढासळली, मग त्याच्याही बाहेरून तिसरी वाट. एका माणसाच्या रुंदीची वाट काही ठिकाणी चार मीटर पसरलेली, आणि या पट्ट्याच्या वर एका वळणावर पोरांनी पाडलेला शॉर्टकट, तोही सरळ खाली.

हे पाणी किती असतं याचा हिशोब आमच्यातल्या एका सिव्हिल इंजिनिअरने मीटिंगमध्ये फळ्यावर मांडला आणि त्यानंतर कोणीही "थोडी माती टाकून सपाट करू" असं म्हणलं नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचा पट्टा दीडशे मीटर लांब, सव्वा मीटर रुंद धरा, म्हणजे १८७ चौरस मीटर. मुंबईत दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस ही काही बातमी नसते, तर तेवढ्या पावसात नुसत्या वाटेच्या अंगावर पडणारं पाणी १८,००० लिटरच्या वर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास दोन टँकर. आणि वरच्या डोंगराचं जे पाणी वाटेत घुसतं ते वेगळंच, ते याच्या कितीतरी पट. सांताक्रूझच्या वेधशाळेची पावसाळ्याच्या चार महिन्यांची सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर आहे आणि २६ जुलै २००५ ला तिथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. टाकलेली माती इथे किती दिवस टिकेल ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

म्हणून रेकी पावसातच केली. ऑगस्टमध्ये, वनरक्षकांना सोबत घेऊन, चांगला जोराचा पाऊस चालू असताना. छत्र्यांचा काही उपयोग नव्हता, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून व्हिडिओ काढले. कोरड्या दिवसात बघितलं असतं तर आम्ही सगळा वेळ घळीच्या सर्वात खोल भागावर घालवला असता, कारण तिथे नुकसान डोळ्यात भरतं. पावसात दिसलं ते वेगळंच, की खोल भागात नवीन पाणी येतच नाही, ते वरून वाहत आलेलं असतं. वाटेत पाणी शिरतं फक्त तीन ठिकाणी. एक शॉर्टकटच्या तोंडाशी, दुसरं एका आडव्या पडलेल्या खोडापाशी जिथे वरचा छोटा ओहळ वाटेकडे वळला होता, आणि तिसरं अगदी माथ्यावर जिथे कोणाचं लक्षच जात नाही. ही तीन तोंडं फिरवली की खालच्या शंभर मीटरचं अर्धं दुखणं तसंच थांबतं. तिन्ही ठिकाणी झाडांना भगव्या रिबिनी बांधल्या. फक्की मारायचा विचार होता पण ती पुढच्याच सरीत गेली असती, आणि दगडांवर ऑइलपेंटने बाण काढणाऱ्यांबद्दल माझं मत इथे न लिहिलेलंच बरं.

काय करायचं नाही ते आधी

वाटांचं काम करणाऱ्या लोकांमध्ये जगभर एक साधा नियम वापरतात, वाटेचा चढ हा डोंगराच्या चढाच्या निम्म्याहून जास्त नसावा. म्हणजे डोंगर शंभर मीटरमागे चाळीस मीटर चढत असेल तर वाट वीसच्या आतच हवी, आणि सरासरी दहाच्या आसपास राहिली तर उत्तम. वाट डोंगराला आडवी तिरकी गेली की पाणी तिला ओलांडून खाली निघून जातं, सरळ उतरली की पाणी तिच्यातूनच चालतं. आमची सरळ उतरणारी, म्हणजे नियमात बसायचा प्रश्नच नव्हता. खरा उपाय म्हणजे अख्खी वाट बाजूने नागमोडी फिरवून नवीन काढणं.

पण ते आमच्या हातात नाही आणि नसावंही. हे राष्ट्रीय उद्यान आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, तिथे नवीन वाट खणणं म्हणजे अधिवासाला हात लावणं, ते ठरवायचं तर वनखात्याने. ग्रुपमधल्या दोघातिघांना हे पटत नव्हतं, "आपण चांगल्याच कामाला चाललोय ना" वगैरे. मी म्हणेन की असं बोलणाऱ्याच्या हातात कुदळ देऊ नये. आम्ही अर्ज केला तो फक्त आहे त्या वाटेच्या दुरुस्तीचा, सोबत नकाशा, फोटो, रिबिनींच्या जागा, किती लोक, कुठली हत्यारं, किती ते किती. लेखी परवानगी आली ती अटींसकट. झाड किंवा झुडूप तोडायचं नाही, सिमेंट नाही, मशीन नाही, ओढ्यातले दगड हलवायचे नाहीत, खात्याची माणसं सोबत राहतील, एक वाजता सगळे बाहेर. घाणेरी, म्हणजे ते बाहेरून येऊन सगळीकडे पसरलेलं झुडूप, मात्र उपटा हवी तेवढी, असं गार्डदादा तोंडी म्हणाले.

मधे एक गंमत झाली. ओळखीतल्या एका वजनदार माणसाने निरोप पाठवला की तुम्ही एवढे कष्ट कशाला घेताय, मी पेव्हर ब्लॉक टाकून देतो, वरपर्यंत. मुंबईत कुठल्याही प्रश्नाला पेव्हर ब्लॉक हे उत्तर असतं. त्यांना नम्रपणे कळवलं की परवानगीत बसत नाही, आणि ब्लॉकखालची वाळू पहिल्याच पावसात वाहून गेली की ब्लॉक खाली मुलुंड कॉलनीत सापडतील. दुसरं वाक्य कळवलं नाही, मनात म्हणलं.

तारीख

तारखेवर ग्रुपवर तीन दिवस वाद चालला आणि तो वाद फुकट नव्हता. ऑक्टोबरमध्ये ऊन मरणाचं आणि गवत कमरेइतकं, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. फेब्रुवारीनंतर गवत वाळून वणव्याची भीती, आणि तोपर्यंत मुरूम इतका कडक होतो की कुदळ नुसती टणाटण उडते. मे महिना बऱ्याच जणांना हवा होता, सुट्ट्या असतात म्हणून, पण खणलेली ताजी माती बसायला वेळच मिळत नाही, मुंबईत मान्सूनची सरासरी तारीखच ११ जून आहे. शिवाय मातीत थोडी ओल असली तर ती चोपून बसते, पूर्ण कोरडी माती कितीही ठोका, भुगाच राहते. म्हणून डिसेंबर. पहिला आठवडा टाळला कारण ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीसाठी गाड्यांना प्रचंड गर्दी असते आणि आमच्यातलेच काही जण तिथे पाणीवाटपाला असतात. दुसरा रविवार ठरला.

रविवार म्हटलं की मेगाब्लॉक आलाच. मध्य रेल्वेवर माटुंगा-मुलुंड हा ब्लॉक तर घरच्यासारखा, साधारण अकरा ते चार. म्हणजे दादर-कुर्ल्याहून सकाळी येणारे आरामात येणार आणि एक वाजता दमूनभागून, घामाने चिकटलेले, प्लॅटफॉर्मवर लटकणार. यावर उपाय काही नाही, पण फॉर्मवर तसं स्पष्ट लिहिलं, आणि ज्यांना दुपारी कुठे लग्नाला वगैरे जायचं होतं त्यांनी आपणहून नाव काढून घेतलं. नव्वदचे ऐंशी झाले.

ऐंशीचे चाळीस

इथे खरी भांडणं झाली. एक बाजू म्हणत होती सगळ्यांना येऊ द्या, उत्साह आहे, पुन्हा बोलावलं तर येणार नाहीत, फोटो चांगले येतील, पुढच्या वेळी खातं पटकन परवानगी देईल. दुसरी बाजू, म्हणजे मुख्यतः आमच्या एक ताई ज्या आधी बऱ्याच किल्ल्यांवर श्रमदानाला जाऊन आलेल्या, त्यांचं एकच म्हणणं: "मला प्रत्येक माणसाचं साडेसात ते आठचं काम सांगा. नाव घेऊन. ज्याचं सांगता येत नाही त्याला बोलवू नका."

मग बसलो कागद घेऊन. तीन ठिकाणी पाणी बाहेर काढायचं, प्रत्येक ठिकाणी पाच जणांहून जास्त मावत नाहीत, कारण कुदळ फिरवणाऱ्या दोघांमध्ये किमान तीन मीटर अंतर ठेवायचंच, हे अंतर आम्ही कोणासाठीही सोडत नाही. ते झाले पंधरा. सगळ्यात उभ्या तुकड्यात दगडी पायऱ्या, तिथे पाच-पाचच्या दोन टीम, दहा. दगड शोधून आणणारे सहा. शॉर्टकट बंद करायला पाच. नाश्ता, पाणी, फर्स्ट एड, नोंद, मिळून चार. टोटल चाळीस. एकेचाळिसावा माणूस आला तर तो उभा राहणार, उभा राहिलेला माणूस फोटो काढतो, मग दगड उचलणारा त्याच्याकडे बघून हसतो आणि बोट चेमटतं. ताईंचं हे वाक्य ग्रुपवर पिन केलं होतं.

ऐंशीतल्या चाळीस जणांना नाही म्हणणं सोपं नव्हतं, एकदोघं रागावून ग्रुपही सोडून गेले. वेटिंग लिस्ट केली आणि त्यातल्या बऱ्याच जणांना फेब्रुवारीतल्या घाणेरी काढायच्या दिवसाला टाकलं, त्या कामात माणसं कितीही चालतात.

चाळिसाला टीमलीडर सात. एकाकडे पाच-सहाच माणसं. लीडर कोण यावरून पण थोडं झालं, कारण जे सगळ्यात दणकट ट्रेकर त्यांना वाटत होतं आपणच. पण लीडरने खणायचं नसतं, बघायचं असतं, कोणाची कुदळ कानाच्या वर जातेय, कोण पाणी प्यायलं नाही, कोण उताराच्या खाली उभं आहे. दणकट माणसाला हे जमत नाही, दहा मिनिटांत तो स्वतः खणायला लागतो. शेवटी लीडर झाल्या त्यात दोन शाळेतल्या बाई, एक बँकेतले निवृत्त काका, आणि एक पोरगा जो कॉल सेंटरमध्ये शिफ्ट सांभाळतो. आदल्या शनिवारी या सातांना गार्डदादांसोबत वाटेवर नेऊन एकेक रिबीन दाखवली, इथे काय झालं की काम झालं असं म्हणायचं ते सांगितलं.

गवंडीकाका

पायऱ्यांसाठी आम्ही एका गवंडीकाकांना रोजावर घेतलं. यावरही ग्रुपवर गदारोळ, श्रमदानात मजुरी कशी, मग ते दान कसलं. माझं मत स्पष्ट आहे, ज्याचं पोट त्या हातांवर आहे त्याच्याकडे रविवार फुकट मागायचा नाही, आणि दगड बसवणं हे काम यूट्यूब बघून येत नाही. काकांना पूर्ण रोज दिला, वर जेवण.

त्यांनी पहिल्यांदा वाट बघितली आणि आम्ही जे अर्धा तास समजावत होतो ते त्यांनी एका शब्दात संपवलं: ढाळ. बाथरूमच्या लादीला जाळीकडे ढाळ देतात तसा वाटेला बाहेरच्या बाजूला ढाळ द्यायचा, मीटरभर रुंदीला पाच सेंटिमीटर, पायाला कळत नाही पण पाण्याला कळतो. पाणी जिथे बाहेर सोडायचं तिथे चर खणायचा नाही, चर दोन पावसांत गाळाने भरतो आणि त्यात पाय मुरगळतो. तिथे अर्धचंद्रासारखा पसरट खळगा, तीन-चार मीटर लांब, खालच्या अंगाला उघडा, आणि त्याच्या पुढे वाट जराशी वर उचललेली, म्हणजे पाण्याला पुढे जाताच येत नाही. उंची मोजायला आम्ही मोबाईलवर अॅप घेऊन गेलेलो, काकांनी पिशवीतून प्लास्टिकची पारदर्शक लेव्हल नळी काढली, पाणी भरलं, एक टोक वर एक खाली, दोन काठ्यांवर खुणा, झालं. दहा मीटरला साडेतीन मीटर उतार. अॅप एकदा पस्तीस टक्के दाखवत होतं आणि एकदा एकोणीस, धरणाऱ्याच्या हातावर.

हत्यारांची तपासणीही त्यांनीच केली, शनिवारी संध्याकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. काही ग्रुपची, काही भाड्याची, काही एका ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरने दिलेली. प्रत्येक कुदळ हातात घेऊन पातं खाली करून दांडा जमिनीवर दोनदा आपटायचे आणि कान देऊन ऐकायचे, खट असा घट्ट आवाज आला तर उजवीकडे, खडखड आली तर डावीकडे. डावीकडचा ढीग मोठा झाला. कोणीतरी म्हणालं रात्रभर बादलीत भिजत घालू, लाकूड फुगतं. काका म्हणाले, "फुगतं की, आणि दुपारी उन्हात सुकलं की पातं सुटतं आन् समोरच्याच्या कपाळात. पाचर मारायची." सागाच्या तुकड्यांच्या बारीक पाचरी करून एकेक ठोकली. पहारींची टोकं कानसीने घासली. ज्या दोन कुदळींच्या दांड्याला उभी चीर होती त्या चिकटपट्टी लावून चालवू असं एकजण म्हणाला, त्या काकांनी सरळ बाजूला नेऊन ठेवल्या.

हे सगळं लोकलच्या मालडब्यातून न्यायचा एक प्लॅन होता. शेवटी छोटा हत्ती केला. पहारी, घण, घमेली, दोरखंड, पाण्याचे जार आणि पोह्यांचं पातेलं एकाच खेपेत गेलं.

टोपली

पायऱ्यांचं माप आम्ही कागदावर वीस सेंटिमीटर उंची धरलं होतं, कमी दगडांत काम होतं म्हणून. रिबिनी बघायला गेलो त्या शनिवारी पाड्यावरच्या एक मावशी टोपली डोक्यावर घेऊन उतरत होत्या, थांबल्या, काय करताय विचारलं, आणि ऐकून घेऊन म्हणाल्या, "पायरी कराल तर बुटकी करा. टोपली असली का मला खाली बघता येत न्हाय. पाय सोडायचा आन् जमीन लागाय पायजे." मग त्यांनी करूनच दाखवलं, एक हात टोपलीला, मान ताठ, आणि पाय पुढे सरकवत टाच आधी टेकवून चाचपत. घळीतून उतरताना त्या प्रत्येक पावलाला असं करतात. आम्ही दोन्ही हात मोकळे आणि डोळे जमिनीवर ठेवून उतरणारी माणसं, आम्हाला हे कधी सुचलंच नसतं.

उंची पंधरावर आणली आणि पायरीची खोली वाढवून पूर्ण पाऊल मावेल अशी केली. त्यामुळे आठच्या अकरा पायऱ्या झाल्या आणि दगडांचं गणित बदललं. दगड म्हणजे आपला बेसॉल्ट, वजनाला बेकार. ६० बाय ४० बाय २० सेंटिमीटरचा दगड दिसायला काही विशेष नाही, पण तो ४८ लिटर आकाराचा होतो आणि बेसॉल्टचं वजन लिटरला २.८ ते २.९ किलो, म्हणजे एक दगड १३४ किलोच्या पुढे. तो चार माणसांनी, दोरखंडाच्या झोळीत, पहारीच्या आधाराने, आणि उताराच्या खालच्या बाजूला कोणीही नसतानाच हलवायचा. पायरी अशी बसवायची की दगडाचा मोठा भाग जमिनीत आणि वरची पायरी खालच्या पायरीच्या मागच्या कडेवर थोडी चढलेली. अकरा पायऱ्या एका सकाळी होणं शक्य नाही असं काका शनिवारीच म्हणाले, आणि सहाच धरा म्हणाले.

दगड उलटायचा नियम सगळ्यांना दोनदा सांगितला, फॉर्मवर आणि परत सकाळी. हात खाली घालायचा नाही, पहारीने उचलायचा, आणि पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे खालची फट आपल्या विरुद्ध बाजूला उघडते आणि विंचू किंवा फुरसं असलंच तर तिकडे पळतं, मधे दगड राहतो. सर्पदंशाचं पण ठरवून ठेवलं होतं, बांधायचं नाही कापायचं नाही, हलवायचं कमी आणि थेट हॉस्पिटल. आपल्याकडचं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं, बांबूवरच्या हिरव्या चापड्यावर नाही, म्हणून "कुठलाही साप, एकच इंजेक्शन" असं गृहीत धरू नका हेही लीडरना सांगितलेलं. जवळच्या कुठल्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये ते मिळतं हे आदल्या दिवशी फोन करून विचारलं. नेटवर्क वर मिळत नाही, त्यामुळे निरोप घेऊन खाली पळायला दोघांची नावं ठरलेली.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. फुल पॅन्ट, फुल बाह्या, बूट, तीन लिटर पाणी स्वतःचं. परफ्युम नाही, वर कड्याला आग्या माश्यांची पोळी असतात. छिन्नी-घणाच्या कामाला गॉगल. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते फॉर्मवर. बायकांसाठी टॉयलेटची सोय खाली एका देवळाच्या आवारात करून घेतली आणि त्याची वेळ पोस्टरवर छापली. हे छापल्यावर फॉर्ममधल्या मुलींची नावं एकदम वाढली, हे ज्यांना नवल वाटलं ते सगळे पुरुष होते.

रविवार

चाळीसपैकी तेहतीस आले. सात जण सकाळी उठलेच नाहीत, मुंबईत एवढं धरूनच चालावं लागतं, वेटिंगमधले दोघं मुलुंडचेच होते ते फोन केल्यावर वीस मिनिटांत आले. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, बिबट्याचं जंगल असल्याने अंधारात कोणालाही वर सोडायचं नाही हे ठरलेलंच, म्हणून पोहे खाऊन, डोकी मोजून साडेसातला चढलो.

पाण्याची तिन्ही ठिकाणं साडेदहापर्यंत झाली. एका ठिकाणी बाटलीने पाणी ओतून बघितलं तर ते ढाळाकडे न जाता मधेच थांबून परत फिरलं, काकांनी घमेलंभर माती काढायला लावली, परत ओतलं, गेलं. शॉर्टकट बंद करायला नुसती काटेरी फांदी आडवी टाकून उपयोग नसतो, पोरं ती बाजूला करतात, म्हणून त्याचा वरचा आणि खालचा दोन्हीकडचा पहिला दहा मीटरचा भाग उकरून, दगड रोवून, वाळका पाला पसरून असा करून टाकला की तिथे वाट होती असं दिसूच नये. माणसाला वाट दिसली की तो जातो, बोर्ड वाचत नाही. पायऱ्या सहा म्हणाले होते, पाच झाल्या. सहाव्याचा दगड बसवला होता पण हलत होता, गवंडीकाकांनी त्यावर उभं राहून एका पायावर झोका घेतला आणि काढा म्हणाले, साडेबारा वाजले होते, दोनचार चेहरे पडले, काढला.

एक वाजता हत्यारं मोजून छोट्या हत्तीत. एक फावडं कमी भरलं, ते शॉर्टकटच्या पाल्याखाली सापडलं.

जूनच्या शेवटी गार्डदादांनी पावसातला व्हिडिओ पाठवला. माथ्यावरचा आणि शॉर्टकटच्या तोंडचा खळगा पाणी व्यवस्थित बाहेर टाकताना दिसतात. खोडापाशी असलेल्या खळग्यात सागाची पानं साचून गाळ अडला होता आणि थोडं पाणी परत वाटेवर यायला लागलं होतं, त्यांनीच काठीने पानं ओढून काढली. तिथे दर मे महिन्यात दोन माणसं आणि एक फावडं, तासाभराचं काम आहे, त्यासाठी पोस्टर काढायची गरज नाही असं ग्रुपवर ठरलंय. उरलेल्या सहा पायऱ्यांचा अर्ज डिसेंबरसाठी परत दिलाय. मावशींना पाच पायऱ्या कशा वाटल्या विचारलं तर म्हणाल्या बऱ्या आहेत, पण तिसरी जरा पुढं आलीये, ती मागं घ्या.